अर्जुना मिस्त्री आन नाचरी गाडी

तासगाव रोडला एक फाटा लागतो, तिथं चिंच हाय. चिंचंखाली पत्र्याचं शेड, आन शेडात अर्जुना मिस्त्री. बोर्ड-बिर्ड काय न्हाई. एकदा हौसंनं लावला हुता, वावटळीनं उचलून पलीकडच्या उसात नेऊन टाकला. लोकं म्हनली, आना की उचलून. अर्जुना म्हनला, "ज्येला गरज हाय त्यो चिंच बघून येतोय. बोर्ड उसातल्या उंदरांस्नी वाचू द्या."

त्येच्या गॅरेजाचा एक नेम हाय. गाडी आनली की मालकानं तोंड उघडायचं न्हाई. गाडीला काय हुतंय असं कुनी सांगाय लागलं की अर्जुना हात वर करतो. "तुमी बसा. तिला बोलू द्या." मंग स्टीलचा गिलास काठोकाठ पान्यानं भरायचा, चालू इंजानावर ठिवायचा, आन त्या पान्याकडं बघत बसायचं. पान्यावर वळ्या कशा पडत्यात, कुठल्या कडंनं पडत्यात, त्येच्यावरनं ह्यो दुखनं सांगतो. आता समद्या गॅरेजात वायर लावून टीव्हीसारखं यंत्र बघत्यात. अर्जुनाकडंबी त्ये यंत्र हाय, जावयानं दिलंय. त्येच्या खोक्यात अनसा, म्हंजी त्येची बायको, लसूण ठिवती.

जल्म ह्येचा लोनंदचा. बाप रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल. पाच वर्साचं पोरगं हातरुनात पडल्या पडल्या सांगायचं, ही पुन्याकडं चालली, ही मिरजंकडं चालली, हिच्या मागल्या डब्याचं चाक घासतंय. बाप गेल्यावर मामानं हिकडं आनला. हितं त्येला बाळासो भेटला. दोघं एकाच वर्गात दोनदा बसली, तवापासनं जोडी. मंग अर्जुना भरती झाला. सतरा वर्सं पलटनीच्या गाड्या दुरुस्त केल्या, बर्फात गोठलेल्या गाड्या चालू केल्या. हवालदार हून आला तवा दोन ट्रंका घेऊन आला. एकीत पान्हं आन दुसरीतबी पान्हंच. अनसानं इचारलं, "आन माज्यासाठी काय?" ह्येनं दुसऱ्या ट्रंकंतनं एक कोरा करकरीत पान्हा काढला आन तिच्या हातात दिला. तिनं त्यो अजून ठिवलाय. त्येनं नारळ फोडती.

अनसा कोयनानगरची. बाप धरनाच्या कॉलनीत वॉचमन हुता. तिथली भुई कवाबी हलती, पोरं चालाय शिकायच्या आदी भुईचं हलनं वळखाय शिकत्यात. अनसाच्या तळपायाला ती सवय लागली ती लागलीच. लग्न हून हिकडं आली तवा भाकरी थापता थापता मधीच हात थांबवायची आन म्हनायची, "आला." सासू दाराकडं बघायची, "कोन आला गं?" दारात कोन नसायचं. दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं, कोयनंला धक्का. सासूला वाटलं, सुनंला बाहेरचं काय लागलंय. अर्जुनानं मातर त्येच दिवशी वळखलं, ही बाई न्हवं, मीटर हाय. गिलासाला जे कळत न्हाई त्ये अनसाच्या तळपायाला कळतं. मंग हाक मारायची, चपला काढाय लावायची, आन गाडीत बसवायची.

असा ह्यो अर्जुना. कामात पक्का, पन एक खोड लय वाईट. इद्या पोटात ठरत न्हाई. कुनी भेटलं की काडी घेतो आन भुईवर इंजान काढतो. हे हितनं जातंय, ते तितनं येतंय. समोरच्याला कळू न्हाईतर न कळू. बाळासोच्या द्राक्षबागंत बांधनी चालली की बायका वेल बांधत्यात, बाळासो वेल बांधतोय, आन ह्यो बांधावर बसून काडीनं इंजान काढतोय. अनसा म्हनायची, "आवं, एकादी गोष्ट सोताजवळ ठिवा की." ह्यो म्हनायचा, "बाळ्याला काय कळतंय त्यातलं."

ह्या उन्हाळ्यात कळलं, बाळ्याला किती कळतंय त्ये.

चैत सरत आला हुता. दुपारी चिंचंखाली बाळासोची पांढरी गाडी येऊन हुबी ऱ्हायली. बाळासो चालवत हुता, शेजारी त्येची बायको बनुबाई, पदर नाकाला लावून. ही गाडी खरं म्हंजी बनुबाईची. त्यांचा लेक ऋषिराज पलटनीत हाय, त्येनं आईसाठी जुन्यातली बघून घेतलेली. बनुबाईला धापंचा आजार. बागंतल्या फवारनीनं, धुरळ्यानं छाती भरती. एस्टीत बसली की अर्ध्या वाटंत ओठ निळं पडत्यात. लेकानं फोनवर सांगितलं हुतं, "आई, काचा लावायच्या, एसी लावायचा, आन जायाचं कुठं त्ये जायाचं."

जायाचं एकच ठिकान हुतं. जत. बनुबाईचं म्हायार. तिथं तिची अव्वा हुती, नव्वदीची. जतकडं कानडी बोली मिसळती, तिकडं आईला अव्वा म्हनत्यात. अव्वाचा एक डोळा कवाच गेला, दुसरा जायाच्या वाटंवर. गेल्या म्हयन्यात तिनं फोन केला हुता, "बनू, मला दिसतंय तवर ये. मागनं आलीस तर नुसती हात लावून बगीन."

आन नेमकी गाडी नाचाय लागली.

बाळासो खाली उतरला. मान वर करून, व्हट आवळून बोलला, "अर्जुना, बग रं बाबा. पन मला न्हाई वाटत—"

अर्जुनानं हात वर केला. "नेम इसरलास व्हय?"

"आरं, आदी ऐक तर. एसी लावला की—"

"बाळ्या, गप."

बाळासो गप झाला आन चिंचंच्या मागं गेला. थुकल्याचा आवाज आला. लेकाला त्येनं दिवाळीत शबूद दिलावता, तंबाखू सोडली म्हनून. सोडली हुती, पन घरात. बाहेर समदं चालू. आन त्येला वाटायचं, ह्ये कुनाला ठावं न्हाई.

बनुबाई उतरली न्हाई. काच खाली करून म्हनली, "भावजी, नेम माज्यासाठी बाजूला ठिवा. दोन वाक्यं बोलती. सांगलीत दोन गॅरेजं झाली. एकानं प्लग बदललं. दुसरा म्हनला, एसीचं मशीन गेलंय, इंजानबी त्येच वाटंवर हाय, गाडी काढून टाका. बेस्तरवारी गिऱ्हाईक येनार हाय. ह्यांस्नी फवारनीचा ब्लोअर घ्यायचाय. तुमी म्हनलासा की गाडी मेली, तर मी गप बसंन. ऋषिराजला मी सांगीन. पन तुमी म्हना. दुसऱ्या कुनाचं मी ऐकनार न्हाई."

अर्जुनाचा हात आपोआप खाली आला. बेस्तरवार म्हंजी परवा.

"उतरा वैनी. सावलीत बसा," त्यो म्हनला. "अनसा! च्या ठिव. गुळाचा."

अनसा आली, बनुबाईला हात देऊन उतरवलं. मागली डिकी अर्धी उघडी हुती, त्यात कापडाची पिशवी दिसली. "ही कशाची पिशवी बनुताई?"

"असू दे. लागली तर," बनुबाई म्हनली.

अर्जुनानं बॉनेट वर केलं, इंजान चालू केलं, एसी बंद. गिलास ठिवला. पानी असं गप, जसं देवाफुडचं तीर्थ. मंग त्येनं आत हात घालून एसी लावला. कट् करून आवाज झाला, आन गिलासातलं पानी नाचाय लागलं. नुसतं नाचलं न्हाई, सांडलं. समदी गाडी थरथरली, आरसा थरथरला, पुडचं दिवं बारीक झालं. इंजान असं धापाय लागलं जसं आता बंद पडंल. अर्जुनानं एक्सलेटर वाईच दाबला. थरथर गेली. पाय काढला, परत आली.

"हं," अर्जुना म्हनला.

"मेलीया ना?" बाळासो चिंचंमागनं बोलला.

"मेल्याली मानसं नाचत न्हाईत."

मंग त्येनं एक एक करून बघाय सुरवात केली. इंजान ज्या रबरावर बसतंय ती रबरं फाटली की गाडी हादरती. कटावनी घालून बघितली, रबरं धड. प्लग काढलं, नवंच हुतं. एसीचं मशीन इंजानाला पट्ट्यानं जोडलेलं असतं. पट्टा काढून त्येची चक्री हातानं फिरवली, लोन्यासारखी फिरली. म्हंजी सांगलीचा दुसरा मिस्त्रीबी खोटाच. हवा आत जाती ती नळी पुसली, घासली. तासभर गेला, घाम गेला, च्या गार झाला. बाळासो मातर खुशीत दिसत हुता. मधनं मधनं यायचा, वाकून बघायचा, आन म्हनायचा, "न्हाई सापडत ना? ऱ्हाऊ दे गड्या. तुजा बी काय दोष न्हाई. वय झालंय तिचं."

"तुजं बी झालंय," अर्जुना म्हनला. "तुला इकाय काढलंय का कुनी?"

शेवटी त्येनं अनसाला हाक मारली. ती हात पुसत आली, चपला काढल्या, पुडं बसली, पाय खाली टेकवलं, डोळं मिटलं. एसी बंद, इंजान चालू. "काय न्हाई," ती म्हनली. "गाय रवंथ करतीया असं हाय." एसी लावला. गाडी थरथरली. अनसा बराच येळ गप. बाळासो हसाय लागला, "वैनी, झोपलासा काय?"

"गप वो भावजी," अनसा म्हनली. मंग नवऱ्याला म्हनली, "ह्यो धक्का न्हवं. धक्का भुईतनं येतो. ह्ये वझं हाय. बाईनं डोक्यावर एक घागर घेतल्याली असती, वर दुसरी ठिवली की ती थांबती, छाती भरून श्वास घेती, मंग चालती. हिच्या डोक्यावर दुसरी घागर ठिवलीया आन हिला श्वासच घिऊ दिला न्हाई कुनी. नाक दाबलंय हिचं."

अर्जुनाच्या डोक्यात लख्ख उजाडलं. गाडी जागेवर हुबी असताना एसी लावला की इंजानावर वझं येतं. तवा त्येला जादा हवा लागती. त्यासाठी हवेच्या नळीपशी एक बारकी डबी असती, तिला वायर असती. एसी लावला की ती वायर डबीला सांगती, उघड दार, आन डबी इंजानाला एक श्वास जादा देती. ती वायर गळली की झालं. बाकी समदी गाडी ठनठनीत, पन एसी लावला की नाचली. आन नवीन पोरं यंत्राकडं बघत्यात, प्लग बदलत्यात, त्या डबीकडं कोन बघतंय?

त्यो वाकला. इंजानाच्या पाठीमागं, खाली, जिथं हात जेमतेम जातो, तिथं बॅटरी मारली.

वायर निघालेली हुती. पन गळलेली न्हवती. गळलेली वायर लोंबकळती. ही वायर शेजारच्या नळीला बांधलेली हुती. तागाच्या सुतळीनं. वायरीच्या टोकाला हिरवी पट्टी गुंडाळलेली, द्राक्षाच्या कलमाला गुंडाळत्यात ती, आत पानी जाऊ ने म्हनून. आन सुतळीची गाठ अशी, की वेल काचू ने, पन वाऱ्यानं हलूबी ने. दोन येढं सैल, एक घट्ट. वरनं फेरा डावीकडनं उजवीकडं न्हवं, उजवीकडनं डावीकडं.

सगळ्या तालुक्यात डाव्या हातानं वेल बांधनारा एकच मानूस.

अर्जुना तसाच वाकून ऱ्हायला. बाळासोनं वायर नुसती काढून सोडली असती तर कुनाच्या बापाला कळलं नसतं. म्हनलं असतं, हादऱ्यानं निघाली. पन चाळीस वर्सं द्राक्ष केलेला मानूस. मोकळी लोंबनारी काडी दिसली की त्येचा हात आपोआप सुतळीकडं जातो. बांधल्याबगर त्येला चैन पडत न्हाई. चोरी केली ती बी नीटनेटकी.

मंग अर्जुनाला दुसरी गोष्ट आठवली आन कानाच्या पाळ्या तापल्या. गेल्या बांधनीत, बांधावर बसून, काडीनं भुईवर डबी काढून त्येनंच सांगितलं हुतं. "बाळ्या, ही एवढुशी वायर. ही काढली की एसीचा खेळ खलास. भल्या भल्या मिस्त्र्यांस्नी घावनार न्हाई." बाळासो तवा वेल बांधत हुता, मान हलवत हुता. अर्जुनाला वाटलं, कळलं न्हाई.

"काय घावलं?" अनसानं इचारलं.

"काय न्हाई. शिंक आलीवती."

"वाकून?"

अर्जुनानं कानावर हात ठिवला, म्हंजी जरा गप. आता करायचं काय? सांगावं, तर बाळ्याची बनुवैनीफुडं अब्रू जाती. आन बाळ्या काय गप बसनार व्हय, त्यो म्हननार, शिकवलं ह्येनंच. न सांगावं, नुसती वायर लावून द्यावी, तर बाळ्या उद्या दुसरी काढंल. आन असं केलं का, त्येबी त्येला आता कळलं हुतं. एसी लावायचा म्हंजी काचा लावायच्या. काचा लावल्या म्हंजी थुकायचं कुठं? बाळासो गावात सांगत फिरायचा, "काचा लावल्या की वाटंवरच्या मानसाला रामराम घालाय येत न्हाई, आपली मानसं तुटत्यात." मोठा मानसांचा कैवारी! ह्या कैवाऱ्याच्या गालातल्या तंबाखूपायी नव्वदीची म्हातारी डोळ्यात जीव आनून दारात बसलीया.

अर्जुनानं सुतळी सोडली. गाठ तशीच ठिवून, फास सरकवून, अलगद. सुतळी खिशात टाकली. हिरवी पट्टी काढली, वायर डबीला लावली. इंजान चालू, एसी चालू. कट् आवाज झाला, इंजानानं एक श्वास घेतला, आवाज वाईच चढला, आन बसला. गिलासातलं पानी हाललं न्हाई. चिंचंचं पान पडलं त्यात, त्येबी तसंच तरंगलं.

बनुबाई उठून हुबी ऱ्हायली. पदरानं नुसतं तोंड पुसलं.

बाळासोचं तोंड मातर बघन्यासारखं झालं. "झाली? कशी काय झाली?"

"झाली पन न्हाई," अर्जुना डागदरासारखं बोलला. "हिचा श्वास कोंडला हुता, आता मोकळा झालाय. पन पथ्य हाय. आत्ताच्या आत्ता लांबची ट्रायल घ्यायला लागती. एसी फुल, काचा समद्या बंद. एक बोटभर सुदिक काच खाली करायची न्हाई. जतपतोर."

"जतपतोर?"

"हितनं नुसतं आष्ट्यापतोर गेलं तर श्वास परत कोंडतो. जतपतोर जायाच लागतं. गाडी तू चालवायची. मी मागं बसून ऐकनार. अनसाबी येती, तिचं पाय लागत्यात."

बनुबाई डिकीकडं गेली, पिशवी आत सरकवली, डिकी लावली. अनसानं ते बघितलं.

निघायच्या आदी अर्जुनानं बाळासोला चिंचंमागं नेलं. खिशातनं डबी काढली, तंबाखू मळली, चांगली दोन चिमट्याची, चुना बराबर. "घे गड्या. लांबची वाट हाय. मला ठावं हाय, तुजी तल्लफ जीव घेती. कुनाला सांगत न्हाई मी."

बाळासोच्या डोळ्यात पानी आलं. "दोस्त असावा तर असा," म्हनला, आन समदी गोळी गालात सारली.

गाडी निघाली. पुडं बाळासो आन बनुबाई, मागं अर्जुना आन अनसा. गार वारा लागला. बनुबाईनं नाकाचा पदर काढला आन सुखानं श्वास घेतला. पयली दहा मिंटं बाळासोबी खुशीत. मंग गाल भराय लागला.

"बाळासो," अर्जुना मागनं म्हनला, "यंदा छाटनी कवा धरनार?"

"उं."

"म्हंजी चैतात का वैशाखात?"

"ऊंऊं."

"ह्यांस्नी काय झालंय?" बनुबाई वाटंकडं बघत म्हनली. "इरवी तर खिडकीतनं चार गावं जागवत्यात."

"गाडीचा आवाज ऐकत असंल," अर्जुना म्हनला. "गड्या, जोरात बोल की. आमाला मागं ऐकाय येत न्हाई."

अनसानं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. मंग बाळासोच्या फुगल्याल्या गालाकडं बघितलं. मंग तिनं पदर तोंडात कोंबला आन खिडकीकडं वळली, खांदं मातर हलाय लागलं.

समोरनं दिग्विजय पाटील फटफटीवर आला. बाळासोच्या बागंशेजारची बाग त्येची. त्येनं हात केला, वरडला, "रामराम!" बाळासोनं नुसत्या भिवया वर केल्या. दिग्विजय मागं वळून बघतच ऱ्हायला. अर्जुना म्हनला, "अरारा. तुटला बघ मानूस."

कवठ्याजवळ रस्त्याचं काम चाललं हुतं. गाड्या थांबवल्या हुत्या. गाडी जागेवर हुबी, एसी फुल, आन थरथर न्हाई. अनसाचं पाय भुईला. "रवंथ," ती म्हनली. पन गाडीतला मानूस थरथराय लागला हुता. बाळासोचा चेहरा वांग्यासारखा झाला, कपाळावर एवढ्या गार हवेत घाम. एक हात आपोआप काचंच्या बटनाकडं गेला.

"आं!" अर्जुना वरडला. "पथ्य!"

"आवं, काय झालं? तोंड उघडा की," बनुबाई म्हनली. "जीभ चावली का? दात दुखतोय? आ करा बघू."

बाळासोनं दार ढकललं, उडी टाकली आन बाभळीखाली पळाला. रस्त्याच्या कामावरच्या बायका खोरी सोडून बघाय लागल्या. बराच येळ त्यो तिथंच वाकून हुता. मंग मिशा पुसत आला, दाराशी थांबला. आत बघतोय तर काय, अर्जुनाच्या हातात सुतळी. डाव्या गाठीची. पुडच्या आरशाला अडकवलेली लिंबू-मिरची असती तशी ती त्येनं दोन बोटांत धरून हलवत ठिवली हुती.

बाळासोनं सुतळीकडं बघितलं. अर्जुनाकडं बघितलं. मान खाली घातली.

आता बाई काय म्हनंल म्हनून दोघं गडी बनुबाईकडं बघाय लागलं. तिनं हात मागं केला, अर्जुनाच्या बोटातनं सुतळी घेतली, मांडीवर ठिवली, आन गाठीवरनं अंगठा फिरवला.

"ह्या हातानं बांधलेलं वेल मी चाळीस वर्सं सोडत आलीया," ती म्हनली. "मला वळखाय येत न्हाई व्हय? इतवारी पानी घालाय बॉनेट उघडलं तवाच दिसली."

"मंग सोडलीस का न्हाईस?" बाळासो बारीक आवाजात म्हनला.

"मी सोडली असती, तुमी सोमवारी परत बांधली असती. घरातल्या घरात दोघंच किती दिवस बांधत-सोडत बसनार? म्हनलं, तुमच्याच दोस्ताला सोडू द्या. म्हनून तर कापडाची पिशवी भरूनच आली मी." मंग ती मागं वळली. "आन भावजी, तुमी लय हसू नगासा. ह्यांस्नी पंपाची मोटार खोलता येत न्हाई. ह्यांस्नी ही एवढुशी वायर दावली कुनी? बांधावर कोन बसलं हुतं काडी घिऊन? मी पलीकडच्याच वळीत बांधत हुती."

अर्जुनाचं हसू कुठल्या कुठं गेलं. अनसानं पदर तोंडातनं काढला आन आता पोट धरून हसली. इतकी हसली की गाडी हालली. "ह्यो मातर धक्का हाय," ती म्हनली.

बाळासो गाडीत बसला. मंग त्यो पुडं बघतच म्हनला, "मला ठावं न्हवतं, अव्वाचा डोळा एवढा गेलाय त्ये."

"तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं," बनुबाई म्हनली. "पन तुमचं तोंड मोकळं कवा असतंय?"

फुडं जतची वाट. रान भाजल्यालं, मेंढरं सावली हुडकत उभी, पान्याचा टँकर धुरळा उडवत म्होरं चाललेला. त्यो धुरळा काचंवर येऊन आपटत हुता आन बनुबाई आतनं त्येच्याकडं बघत हुती, छाती शांत. ह्या वाटंवर ती पयल्यांदा डोळं उघडं ठिवून म्हायाराला चालली हुती. एक एक झाड वळखत हुती, सांगत हुती.

अव्वा दारात खाटंवर बसली हुती. गाडीचा आवाज आला तशी म्हनली, "यारू?" कानडीत, कोन म्हनून. बनुबाई जवळ गेली. म्हातारीनं तिचं तोंड दोनी हातांत धरलं, आपल्या डोळ्यापशी आनलं, एवढं जवळ की नाकाला नाक लागलं. लय येळ बघितलं. मंग म्हनली, "केस पिकलं की गं तुजं." आन दोघी रडाय लागल्या.

बेस्तरवारी गिऱ्हाईक आलं तवा गाडी जतलाच हुती. त्येला बाळासोनं फोन केला. म्हनला, गाडी मेलीया, घिऊ नगासा.

पन त्ये मागनं. त्या दिवशी अंगनात च्या झाला. अव्वानं मान फिरवली, नाक वर केलं, आन हवा हुंगली. "जावईबापू," ती म्हनली, "तंबाखूचा वास येतोय. वाईच हाय का? ह्या घरातली पोरं देत न्हाईत मला."

बाळासो बनुबाईकडं बघाय लागला.

बनुबाई बशीतला च्या फुंकत म्हनली, "द्या की. डाव्या मोज्यात हाय."

त्येनं गप वाकून मोज्यातनं पुडी काढली. म्हातारीनं चिमूट घेतली, बोटांनी मळली, आन सरावानं गालात टाकली. "काच नसलेल्या घरात ऱ्हावं बाबा, थुकाय आडकाठी न्हाई," ती म्हनली. लेकीनं फोनवर तिला समदं आदीच सांगितलं हुतं.

अर्जुना तवा अंगनाच्या दुसऱ्या कडंला बसला हुता. बनुबाईचा भाऊ त्येला इचारत हुता, पावनं, पन ही हवा गार हुती कशी? अर्जुनानं भुईवरची काडी उचलली. एक गोल काढला. त्येला एक नळी काढली. "ही बघा, ही डबी. हिला एक एवढुशी वायर—"

अनसा मागनं आली. तिनं पायानं गोल पुसला, हातातली काडी घेतली, आन चुलीत घातली.